सुरुंग मोजताना

गेले चार दिवस समोरच्या आवारात बोअर मारायचं काम चाललंय. सकाळी आठला यंत्र घरघरायला लागतं आणि दुपारी माणसं डबे उघडतात तेवढाच काय तो थांबा. खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर पिठासारखी राखाडी धूळ बसते. शेजारची शाळकरी मुलगी गच्चीवरून बघत होती. खाली उतरताना जिन्यात तिने मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी विहीर कशी खणायचे?" म्हटलं, सुरुंग लावून. ती चमकलीच. तिच्या लेखी सुरुंग म्हणजे बातम्यांतला, सैनिकांच्या पायाखाली फुटणारा. त्याचा आणि घरच्या प्यायच्या पाण्याचा काय संबंध, हे काही तिच्या पचनी पडेना. मी सांगायला तोंड उघडलं आणि कधीतरी सांगेन म्हणून आत आले. त्या एका शब्दात माझा एक अख्खा उन्हाळा आहे, तो जिन्यात उभ्याउभ्या कसा सांगायचा?

साल ऐंशीच्या पुढचं कुठलंतरी. लग्न माघात झालं होतं. सावर्ड्याची मी, रत्नागिरीत मिरजोळ्याच्या बाजूला दिली गेले. घर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलं आणि उन्हाळ्यात नुसता जाळ. घरात सासरे, सासूबाई, हे आणि मी. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत, सासूबाईंना माई. तात्या शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, संस्कृत शिकवायचे. हे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, सकाळी सायकलवरून जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरात सगळं होतं, एक पाणी तेवढं नव्हतं. पऱ्याजवळच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, जुन्या विहिरीवरून दोन हंडे आणि कळशी, दिवसाला सहा खेपा. बारा वर्षं माईंनी एकटीने त्या केल्या. मी आल्यावर तीन त्यांच्या, तीन माझ्या. त्यांची मान एका बाजूला किंचित कललेलीच असायची, झोपेतसुद्धा. तात्यांनी म्हणूनच ठरवलं होतं की या उन्हाळ्यात आपली विहीर व्हायची म्हणजे व्हायची.

वरचा जांभा कुदळीने निघाला. त्याखालची मऊ गुलाबीसर माती तर घमेल्याघमेल्याने महिन्याभरात वर आली. मग चैत्रात काळा दगड लागला. पहार मारली की ठिणगी उडायची आणि दगडावर नुसता पांढरा ओरखडा. तात्या वाकून बघत म्हणाले, "आता सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही."

आणि गणूदादा आला. संगमेश्वराकडच्या आतल्या गावचा माणूस. मुंबईला दगडाच्या खाणीत सोळा वर्षं काढून परत आलेला, लुकडा, डाव्या कानाची पाळी अर्धी. सोबत त्याची बायको सरू आणि गावचे दोन गडी. पहिल्या दिवशी त्याने विहिरीत डोकावायच्या आधी ओटीवर येऊन एकच प्रश्न विचारला. "तुमच्यातला मोजनार कोन?"

आम्हाला काही कळेना. तेव्हा त्याने रीत सांगितली. तळाच्या दगडात पहारीने भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वाती लावायच्या. वाती लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागोमाग एक उडतात. सात भोकं भरली तर सात बार ऐकू आले पाहिजेत. सहाच आले, तर एक खाली जिवंत आहे असं समजायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत कुणी पाय घालायचा नाही. "मी मोजतोच. पन मी पळत असतो, माजा जीव धापंत. म्हनून ज्याची विहीर त्याच्या घरातलं एक मानूस मोजायला बसतं. माजं नि त्याचं जुळलं तरच मी उतरतो. ह्यो खानीतला कायदा नव्हं हां, माजा हाय."

तात्यांचा एक कान गेलेला. माई आवाज होताच डोळे मिटून रामराम करणाऱ्या. सरू तर वात पेटली की विहिरीकडे पाठ करून, दोन्ही कानांवर तळवे दाबून बसायची. तिला म्हणे मोजायचं धाडसच होत नसे. उरले कोण? माई म्हणाल्या, "ही आहे की बीए झालेली. सातापर्यंत येत असेल."

तर अशी मी सुरुंग मोजणारी झाले. नव्या सुनेला सासरी पहिलं काम पुरणाचं वगैरे मिळतं. मला हे मिळालं.

आजही उन्हाळ्याची दुपार चढायला लागली की मला ती वेळ अंगावर आल्यासारखी होते. साडेअकरा-बारा. काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास. कुळथाच्या पिठीला नुकतीच फोडणी बसलेली. गडी विहिरीतून वर येतात, तोंड धुतात. मग गणूदादा एकटा खाली उतरतो. एक गडी रस्त्याच्या तोंडाशी लाल फडकं घेऊन उभा राहतो आणि लांबलचक सूर लावून ओरडतो, "सुरुंगाय्य रे, सुरुंग!" त्या हाकेसरशी सगळी आळी हलायची. बायका मुलांना आत ओढायच्या. माई गोठ्यातलं वासरू मागच्या बाजूला बांधायच्या. मी भातावर, आमटीवर, दुधावर झाकणं ठेवायची, कारण बार झाला की कौलांमधून धूळ गळायची. मग ओटीच्या कोपऱ्यात बसून अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकायचा आणि वाट बघायची.

ती शांतता मला फार आवडायची. एरवी सासरी नव्या सुनेला कुणी रिकामं बसू देत नाही. इथे मात्र बसणं हेच काम होतं. गणूदादा शिडीवरून वर आलेला दिसायचा, मग दगड उडू नयेत म्हणून झावळ्या टाकलेल्या विहिरीच्या तोंडापासून पळत मातीच्या ढिगाऱ्याआड. पाखरंसुद्धा गप्प. उन्हात सडा हलल्यासारखा दिसतोय, आणि आपण कशाची तरी वाट बघतोय. मग जमिनीच्या पोटातून पहिला धप्प. आधी तो पायांना कळायचा आणि मग कानांना. त्यापाठोपाठ पऱ्यापलीकडच्या डोंगरीवरून त्याचा पडसाद, जरा मऊ, जरा उशिराचा. तो मोजायचा नाही, हे मला गणूदादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "डोंगरी खोटं बोलते, वयनी. पायाला कळंल तोच खरा."

पहिले आठ-दहा दिवस मी कानात तेल घालून मोजलं. बार संपले की ढिगाऱ्याआडून हाक यायची, "किती?" मी हळूच सांगायची, माई मोठ्याने पुढे सांगायच्या, कारण सासऱ्यांसमोर सुनेने आवाज चढवायचा नाही अशी आमच्याकडे पद्धत. जुळलं की गणूदादा बिडी पेटवायचा. बिडी संपेपर्यंत विहिरीतला धूर निवळायचा, मग तो उतरायचा. त्या बिडीच्या वेळात सरू कानांवरचे हात काढायची आणि माझ्याकडे बघून हसायची. आम्ही दोघी तेव्हा फारसं बोललो नाही, पण दिवसातून एकदा ती माझ्याकडे बघून हसायची, एवढं होतं.

घरात त्या दिवसांत बोलणंही सगळं सुरुंगाचंच. "सुरुंगाच्या आधी न्हाऊन घे." "सुरुंगानंतर जेवू." पोळ्या लाटताना, पापड वाळवताना, पानं घेताना तोच शब्द. भिंतीवरचं घड्याळ बाराला रोज बंद पडायचं, तात्या खुर्चीवर चढून लंबकाला धक्का द्यायचे. एके दिवशी ते तसेच खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "कुंदा, हा शब्द आपला नाही बरं का."

"कुठला?"

"सुरुंग. तू संस्कृत घेतलं होतंस ना? जुन्या संस्कृतात सुरुंगा आहे, भुयार या अर्थी. पण तिथेही तो पाहुणाच. ग्रीकांकडून आलेला."

मग त्यांनी मांडीवर तो पुठ्ठा सुटलेला जाडजूड कोश घेतला. ग्रीकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नळी. पोकळ वेत. आणि त्यातूनच, गुराखी वाजवतात तो पावा. डॉक्टरांची सिरिंज आहे ना, तीही त्याच घरची; त्या देशात आजही इंजेक्शनच्या नळीला तोच शब्द थोड्या फरकाने चालतो. आमच्या बाजूला येताना त्या नळीचं भुयार झालं, किल्ल्याच्या भिंतीखाली शत्रू खणायचा तसलं. मग भुयारात दारू भरायला लागले, आणि पुढे भुयार लहान होत होत दगडातल्या वीतभर भोकापाशी आलं. "अर्थ बघ कुठून कुठे गेला," तात्या म्हणाले, "पण आतली पोकळी तशीच राहिली."

माई आतून म्हणाल्या, "पोकळी राहू दे. पाणी कधी लागतंय ते त्या पुस्तकात बघा."

मला मात्र त्या शब्दाने झपाटलं. कुठल्यातरी दूरच्या समुद्राकाठी एखाद्या बाईने आपल्या पोराला हाक मारून सांगितलं असेल, अरे, तुझा पावा विसरलास. तिच्या तोंडचा घरगुती शब्द. तो गलबतांतून, तांड्यांतून, शिपायांच्या शिव्यांतून, पंडितांच्या पोथ्यांतून चालत चालत मिरजोळ्याच्या सड्यावर आला, आणि इथे लाल फडकं धरलेला गडी तोच शब्द लांब सुरात ओरडतोय. वाटेत त्याचं गाणं हरवलं. की नाही हरवलं? त्या गड्याच्या हाकेत ते थोडं उरलंय की काय, असं मला वाटायचं. पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या मुलीला पहिली लस टोचताना डॉक्टरांनी ती काचेची नळी उजेडात धरली, तेव्हा मी मुलीला थोपटायचं सोडून हसले होते. नर्सला वाटलं असेल, काय बाई आहे.

त्या वयात अशा गोष्टींची मला नशाच चढत असे. अजूनही चढते, पण आता गॅसवरचं दूध उतू जातं, त्यापलीकडे नुकसान होत नाही. त्या दिवशी तसं नव्हतं.

वैशाख लागला होता. त्या दुपारी सात भोकं भरली होती. गणूदादा वर आला, पळाला, आणि तेवढ्यात माईंचं वासरू दावं तोडून थेट विहिरीकडे निघालं. गणूदादा ढिगाऱ्याआडून उठला, वासराच्या मागे धावला, त्याला शेपटी पिरगाळून वईच्या कुंपणापलीकडे हाकलू लागला. पहिला बार झाला. दुसरा. मी पेरं मोजत होते. तिसरा झाला, त्याचा पडसाद आला, आणि मला वाटलं, सात भोकं. दगडात सात भोकं, आणि खालून कुणीतरी फुंकतंय. सबंध सडा म्हणजे एक आडवा पडलेला पावा, त्याच्यावर आमचं घर, कौलं, झाकलेला भात. मला खरोखर सूर ऐकू आला. धप्प, मग मऊ पडसाद, मग धप्प. किती वेळ ते माहीत नाही.

मग शांत झालं. माझा अंगठा मधल्या बोटावर होता. पण पेर कुठलं? आणि ते बोट मी ओलांडून आले होते की परत तिथे आले होते?

"किती?" पलीकडून हाक आली. "मी त्या वासराच्या नादात व्हतो, मला नाय कळलं. वयनी, तुमचं किती?"

तात्या माझ्याकडे बघत होते. माई बघत होत्या. सरूने कानांवरचे हात काढले आणि रोजच्यासारखी मान वळवली. मला ठाऊक होतं की भोकं सात होती. मी म्हटलं, "सात."

"सात गो!" माईंनी पुढे सांगितलं.

गणूदादाने बिडी पेटवली.

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, बायकांना बोलावंच लागतं. भाजी छान झालीय म्हणून, बरं वाटतंय म्हणून. पण त्या एका शब्दाएवढं जड खोटं मी नंतर कधी बोलले नाही. सरू हसली. तिचं ते हसणं मला बघवेना. मी मनाला समजावत होते की सात झालेच असतील. रोज होतात. आतापर्यंत एकदाही चुकलेलं नाही. आता नाही म्हटलं तर काय होईल? उद्यापर्यंत काम बंद, दोन गड्यांचा दिवस फुकट, मृग तीन आठवड्यांवर आलेला. माई काय म्हणतील, आळीत काय बोलतील, ह्यांना संध्याकाळी सांगतील, तुझी बायको सातापर्यंत मोजू शकत नाही. लग्नाला तीन महिने. नाक कापलं जायचं ते वेगळंच.

बिडी अर्धी झाली. विहिरीतून धूर पांढरा, मग विरळ, मग नुसता वास. तो दारूचा गोडसर, घशात बसणारा वास. मी उठले, आत गेले, भातावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. बाहेर आले तर गणूदादाने बिडी दगडावर विझवली होती. त्याने झावळ्या बाजूला केल्या. एक पाय शिडीवर ठेवला. मग दुसरा. त्याचं डोकं तेवढं जमिनीवर दिसत होतं, अर्ध्या पाळीचा कान माझ्याकडे.

मी ओटीवरून खाली उडी मारली. पदर कुठे, पाय कुठे, काही भान नव्हतं. "गणूदादा, उतरू नका! वर या! मी मोजले नाहीत!"

माझा आवाज डोंगरीवर जाऊन परत आला. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं.

डोकं थांबलं. मग तो सावकाश एकेक पायरी वर आला, काठावर बसला, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मातीकडे बघत राहिला. ओरडला नाही. "खरं सांगा, किती आयकलंव?"

"तीन. त्याच्यापुढे लक्ष नव्हतं."

"सात कशाला म्हनलंव?"

मी रडायला लागले आणि रडतरडतच पाव्याचं सांगून टाकलं. माईंनी कपाळावर हात मारला. "जळलं मेलं ते लक्ष! माणूस गेला असता ना गो!" तात्या म्हणाले, "तिला बोलू नकोस. तिच्या डोक्यात पावा मी घातला." पण त्यांचाही चेहरा उतरला होता, आणि ते आत जाऊन घड्याळाचा लंबक न हलवताच बसून राहिले. सरू उठली. घमेली एकात एक घालून ती परसात गेली, आणि त्या दिवशी तिने माझ्याकडे परत बघितलं नाही. मला माईंच्या बोलण्यापेक्षा तेच लागलं.

काम बंद राहिलं. संध्याकाळी ह्यांना कळलं. ते जेवताना एवढंच म्हणाले, "बोललीस ना वेळेत? झालं तर." त्यांच्या अशा दोन-तीन वाक्यांवर मी चाळीस वर्षं संसार केला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गणूदादा उतरला. कुणाला ओटीच्या पुढे येऊ दिलं नाही. आम्ही सगळे तिथेच उभे. खालून दगड सरकवल्याचे आवाज येत होते. मग तेही थांबले. खूप वेळ गेला. सरू आज पाठ करून बसली नव्हती. विहिरीकडे तोंड करून, उभी, हात तसेच लोंबते.

"एक ऱ्हायलाय," खालून आवाज आला. "भितीकडंचा. सा उडलेत, सातवा तसाच हाय. आनि हिते..." पुढचं कळलं नाही.

तो वर आला तेव्हा त्याच्या चिमटीत वातीचा तुकडा होता, काळा, लिबलिबीत. त्याने तो तात्यांच्या तळहातावर ठेवला. "भिजली. निम्मी जळली नि थांबली. ठिणगी आत धुमसत असंल तर हात लावल्यावर उडला असता." मग तो पहिल्यांदाच हसला. "पन मास्तर, भिजली कशानं? भोकाच्या भितीतून पाजर हाय. बोटायेवढा. ग्वाड हाय, मी चाटून बगितलं."

माईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या तिथेच ओटीच्या पायरीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या, ती कललेली मान गुडघ्यात घालून. तात्या तो ओला तुकडा नाकाशी नेत होते, परत बघत होते. मला आनंद झाला नाही. मी सरूकडे बघत होते. बोटाएवढी धार आणि तिच्या शेजारी तो गप्प राहिलेला बार, आणि काल दुपारी शिडीवरून उतरत चाललेलं ते डोकं. पाणी किती लागलं याचा हिशेब आळीत महिनाभर चालला. माझा हिशेब तिथेच अडकला होता.

त्या भोकात पाणी ओतून, दोन दिवस तसंच ठेवून गणूदादाने ते निकामी केलं. तिसऱ्या दिवशी परत सहा भोकं भरली. माई म्हणाल्या, "आज मोजायला मी शेजारच्या काकूंना बोलावते." मला हायसंच वाटलं. मी आत वळले.

तेव्हा सरू बोलली. लाल मातीने भरलेले हात पदराला पुसत ती ओटीच्या कडेला येऊन उभी राहिली. "नको माई. वयनीच मोजतील."

"अगो, परवा काय झालं बघितलंस ना?"

"बगितलं. म्हनूनच. काकूंना अजून भ्याव ठावं नाय." आणि ती माझ्याजवळ बसली. तिने आज कानांवर हात ठेवले नाहीत.

गडी ओरडला. गणूदादा पळत ढिगाऱ्याआड गेला. मी तळवे जमिनीला टेकवले. एक. दोन. सरूचा श्वास मला ऐकू येत होता. तीन. चार. पाच. मग लांबलचक काहीच नाही. मग जमीन हलली, की माझीच छाती हलली? डोंगरीवरून मऊ आवाज आला.

"किती?" हाक आली. "माजे सा!"

माई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पुढे सांगायला. मी त्यांच्यासाठी थांबले नाही. उभी राहिले आणि सासऱ्यांसमोर, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझे पाच पक्के. सहावा खात्रीचा नाही. आज उतरू नका."

मृगाला सोळा दिवस उरले होते. गणूदादाने हातातली बिडी कानावर खोचली, शिडी ओढून वर घेतली, आणि गड्यांना म्हणाला, "चला, घरी."